परतीची वाट : इथाकाची आणि पानिपतची

होमर या प्राचीन ग्रीक कवीच्या 'ओडिसी' नावाच्या महाकाव्यात एक चमत्कारिक भविष्य सांगितलेले आहे. युद्धावरून घरी परतण्याची वाट शोधीत शोधीत नायक ओडिसियस मृतांच्या लोकी जाऊन पोचतो. तेथे टायरेसियस नावाचा आंधळा द्रष्टा त्याला म्हणतो की, तू घरी पोचशील खरा, परंतु तेवढ्याने तुझी वणवण संपावयाची नाही. नावेचे एक वल्हे खांद्यावर टाकून तू पुन्हा नीघ आणि भूमार्गाने आत आत चालत राहा. ज्यांनी समुद्र पाहिलेला नाही, जे अन्नात मीठ घालीत नाहीत, अशा लोकांच्या मुलखात एखादा वाटसरू तुला भेटेल आणि तुझ्या खांद्यावरचे वल्हे पाहून ते धान्य उपणावयाचे अवजार आहे असे समजेल. तेथे ते वल्हे जमिनीत रोव, समुद्रदेवाला बळी दे, आणि मग सुखाने घरी जा.

हा भाग वाचताना मला दर वेळी आपल्या परभणीच्या खळ्यांची आठवण होते. मिठाची अट आपल्याला लागू पडत नाही, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे! परंतु समुद्रापासून इतक्या दूरच्या या काळ्या रानात, ज्वारीच्या राशीवर वारा येण्याची वाट पाहत उभ्या असलेल्या एखाद्या वृद्ध शेतकऱ्यासमोरून ओडिसियस वल्हे घेऊन गेला असता, तर त्या शेतकऱ्याने त्याला नेमका तोच प्रश्न विचारला असता, याविषयी मला शंका नाही.

असो. मी आज हा विषय आपणांपुढे मांडण्यास घेतला आहे, त्याचे कारण मात्र वेगळे आहे. युद्धावर गेलेला पुरुष घरी परत येतो म्हणजे नेमके काय होते, हा त्या ग्रीक काव्याचा प्रश्न आहे. आणि हाच प्रश्न एके काळी साऱ्या महाराष्ट्राला पडला होता. त्या कथेची पहिली पायरी आपल्या अगदी दारात आहे. जालना जिल्हा १९८१ साली निर्माण झाला आणि परतूर तालुका त्यात गेला. तोपर्यंत परतूर हे परभणी जिल्ह्याचेच एक गाव होते. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरच्या लढाईत निजामाचा पाडाव केल्यानंतर सदाशिवरावभाऊ पेशव्यांची फौज याच परतूरला आली. नानासाहेब पेशवेही तेथे आले. अहमदशहा अब्दालीने उत्तरेत दत्ताजी शिंद्यांना मारल्याची बातमी पोचली होती. आता उत्तरेत कोणी जावयाचे याची मसलत परतूरच्या मुक्कामी झाली, भाऊसाहेबांचे नाव ठरले, आणि मार्चच्या मध्यास ती प्रचंड छावणी उत्तरेकडे हलली. जुन्या कागदांत या गावाचे नाव पडदूर, परतूड असे निरनिराळ्या तऱ्हेने येते. येथून पानिपत सरळ रेषेने मोजले तरी सहाशे मैलांहून अधिक दूर आहे. या फौजेबरोबर लढणाऱ्यांपेक्षा न लढणारेच अधिक होते. त्यांत बायका होत्या, यात्रेकरू होते, कारकून होते, बाजारबुणगे होते. काशी-प्रयाग करून येऊ, अशा भाविक हेतूने किती तरी माणसे या फौजेच्या सावलीने निघाली होती.

ही माणसे परत कशी आली, आणि जी आली नाहीत त्यांचे घरच्यांनी काय केले, हे सांगण्यापूर्वी इथाकाची कथा थोडक्यात सांगतो. कारण पुढे तिचा आपल्याला फार उपयोग होणार आहे.

इथाका हे ग्रीसच्या पश्चिमेकडचे एक खडकाळ लहानसे बेट. ओडिसियस हा तेथील राजा. ट्रॉयचे युद्ध दहा वर्षे चालले आणि त्यानंतर घरी पोचावयास त्याला आणखी दहा वर्षे लागली. एकाक्ष राक्षसाची गुहा, कमळफळे खाऊन घराला विसरणारे लोक, माणसांची डुकरे करणारी मायाविनी किर्की, सात वर्षे त्याला आपल्या बेटावर अडकवून ठेवणारी अप्सरा कॅलिप्सो, ह्या साऱ्या गोष्टी आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत असताना मुलांच्या पुस्तकांतून वाचल्या असतील. त्यामुळे आपली अशी समजूत होते की, 'ओडिसी' हे समुद्रावरच्या साहसांचे काव्य आहे. वस्तुस्थिती तशी नाही. या काव्याचे चोवीस सर्ग आहेत. त्यांतील राक्षस आणि मायाविनी यांची बहुतेक हकीकत नवव्यापासून बाराव्यापर्यंतच्या अवघ्या चार सर्गांत येते, आणि तीही ओडिसियसने स्वतः परक्या राजाच्या पंगतीत बसून सांगितलेली. तेराव्या सर्गात तो झोपलेला असतानाच त्याला इथाकाच्या किनाऱ्यावर आणून ठेवतात. म्हणजे नायक स्वदेशी पोचला आणि काव्य अजून निम्मे उरले आहे!

मग उरलेल्या अर्ध्या काव्यात होते काय? तर ओळख पटणे. वीस वर्षांपूर्वी गेलेला माणूस तोच हा, हे घराने मान्य करावयाचे असते आणि ते सोपे नसते. ओडिसियस भिकाऱ्याच्या वेषात येतो. त्याला प्रथम ओळखतो तो त्याचा म्हातारा कुत्रा अर्गोस. उकिरड्यावर पडल्या पडल्या तो शेपटी हलवितो आणि तेथेच प्राण सोडतो. नंतर त्याचे पाय धुताना म्हातारी दाई युरिक्लिया मांडीवरचा जुना व्रण पाहते. तो लहानपणी रानडुकराच्या सुळ्याने झालेला असतो. ती त्याला ओळखते आणि तिच्या हातून त्याचा पाय निसटून पाण्याचे भांडे लवंडते. म्हाताऱ्या बापाला पटविण्यासाठी त्याला बागेतील झाडे मोजून दाखवावी लागतात. तेरा नाशपातीची, दहा सफरचंदांची, चाळीस अंजिरांची झाडे. बापाने आपल्या हाताने ती लहानग्या मुलाला दिलेली असतात.

आणि सर्वांत शेवटी पेनेलोपी, त्याची पत्नी. तिच्या घरात एकशे आठ मागणीदार ठाण मांडून बसलेले आहेत. आम्हांपैकी कोणाशी तरी लग्न कर, तुझा नवरा मेला, असा त्यांचा धोशा चालू आहे. तिने सासऱ्यासाठी कफनाचे वस्त्र विणावयास घेतले, दिवसा विणावयाचे आणि रात्री उसवावयाचे, अशी तीन वर्षे काढली. इतकी वाट पाहणारी स्त्री नवरा दिसताच धावत जाईल असे आपल्याला वाटते. ती जात नाही. ती लांब बसून त्याच्याकडे पाहत राहते, आणि मग दासीला सहज म्हणावे तसे म्हणते की, पाहुण्यांसाठी तो पलंग शेजघराबाहेर काढून ठेव. ओडिसियस एकदम चिडतो. तो पलंग बाहेर येईल कसा? जमिनीत मुळे असलेल्या जिवंत जैतून वृक्षाच्या बुंध्यातून त्याने तो स्वतःच्या हाताने कोरलेला असतो, आणि ही गोष्ट त्या दोघांना आणि एका दासीलाच ठाऊक असते. त्याच्या रागानेच तिची खात्री पटते. माझ्या मते सबंध काव्यातील सर्वांत मोठे साहस हेच होय. त्यात राक्षसही नाही आणि वादळही नाही.

घरी परतण्याला ग्रीक भाषेत 'नोस्तोस' असा शब्द आहे. १६८८ साली योहानेस होफर नावाच्या एका स्विस वैद्याने त्याला दुःखवाचक शब्द जोडून परदेशी चाकरीला गेलेल्या सैनिकांना होणाऱ्या घराच्या ध्यासाला नवे नाव दिले. होफरने याला चक्क एक रोग मानले होते. पानिपतावरून येणाऱ्या आपल्या माणसांना हा रोग झाला होता की नाही, हे तपासावयास त्या वेळी तेथे कोणी वैद्य नव्हता!

आता पानिपताकडे वळू. १४ जानेवारी १७६१ रोजी, संक्रांतीच्या सुमारास, ती लढाई झाली. दुपारनंतर विश्वासराव गोळी लागून पडले. ते पाहून भाऊसाहेब हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले आणि शत्रूच्या गर्दीत शिरले. त्यानंतर ते आपल्या माणसांच्या दृष्टीस पडले नाहीत. पुढच्या सगळ्या कथेचे बीज या एका वाक्यात आहे. कोणी म्हणे पडले, कोणी म्हणे जखमी होऊन निसटले. मराठीत 'भाऊगर्दी' हा शब्द याच प्रसंगाने दिला. आपण तो आज एस.टी.च्या स्थानकावर सहज वापरतो, पण त्यातला भाऊ कोण, हे बोलताना ध्यानात येत नाही.

त्या संध्याकाळपासून परतीची वाट सुरू झाली. सगळ्यांच्या वाटा मी सांगत बसत नाही. मल्हारराव होळकर आपली तुकडी घेऊन निघून गेले. त्यांनी केले ते योग्य की अयोग्य, हा वाद अडीचशे वर्षे चालू आहे आणि तो मिटविण्याची ही जागा नव्हे. परंतु तिघांच्या वाटा मात्र सांगितल्याच पाहिजेत.

पहिली वाट बाळाजी जनार्दन भानू यांची, म्हणजे पुढे ज्यांना आपण नाना फडणीस म्हणून ओळखतो त्यांची. त्यांचे वय त्या वेळी पुरते एकोणीसही नव्हते. आई आणि पत्नी यांना घेऊन ते तीर्थयात्रेच्या इच्छेने या स्वारीत गेले होते. पुढे त्यांनी एक लहानसे आत्मवृत्त लिहिले आणि त्यात या पलायनाची हकीकत विलक्षण सरळपणाने सांगितली आहे. अंगावरचे चांगले कपडे पाहून लुटारू मारतील म्हणून ते उतरवून टाकले. उंच गवतात लपत, अन्नपाण्यावाचून चालत राहिले. आणि अखेर रेवाडीस एका सधन गृहस्थाने त्यांना घरात घेतले. पत्नी सुखरूप असल्याचे त्यांना कळले. आई मात्र त्या धावपळीत गेली. राजकारणी माणसे आत्मचरित्र लिहितात ती बहुधा आपला पराक्रम सांगण्यासाठी. या तरुणाने आपली भीती लिहून ठेवली आहे, आणि म्हणूनच त्या लिखाणावर माझा विश्वास बसतो.

'ओडिसी'च्या सहाव्या सर्गात नौका फुटलेला ओडिसियस उघडानागडा, पानाच्या डहाळीने लज्जा झाकीत, परक्या देशाच्या राजकन्येसमोर येतो, आणि ते लोक त्याचे नावगाव विचारण्याआधी त्याला वस्त्र व अन्न देतात. रेवाडीच्या त्या घरात झाले ते याहून वेगळे नव्हते. हेच पुण्य भरतपूरच्या सूरजमल जाटाने फार मोठ्या प्रमाणावर केले. लढाईपूर्वी भाऊसाहेबांचे व त्याचे बिनसले होते आणि तो आपल्या मुलखात निघून गेला होता. तरीही पानिपतावरून उपाशी, जखमी, थंडीने काकडलेली माणसे त्याच्या हद्दीत येऊ लागली तेव्हा त्याने त्यांना अन्न, वस्त्र आणि औषधपाणी दिले. ग्रीक लोक ज्याला अतिथिधर्म म्हणत तो हाच.

दुसरी वाट महादजी शिंद्यांची. एका अफगाण स्वाराने त्यांचा दूरवर पाठलाग केला आणि पायावर घाव घालून त्यांना मेलेले समजून टाकून दिले. तेथून राणेखान नावाच्या एका भिस्त्याने त्यांना उचलले आणि पखालीच्या बैलावर घालून दक्षिणेस आणले, अशी प्रसिद्ध हकीकत आहे. महादजींनी त्याला पुढे 'भाई' म्हटले, आणि तो भिस्ती त्यांच्या सैन्याचा एक मोठा सरदार झाला. महादजींचा तो पाय जन्मभर अधू राहिला. ओडिसियसच्या मांडीवर जसा व्रण, तशी ही महादजींची ओळखीची खूण.

तिसरी वाट पार्वतीबाईंची. त्या भाऊसाहेबांच्या पत्नी, आणि रणांगणाच्या मागे छावणीत होत्या. त्या गर्दीतून त्यांना घोड्यावर बसवून बाहेर काढण्यात आले; सूरजमलाच्या आश्रयास येऊन त्या पुढे ग्वाल्हेरीस पोचल्या आणि तेथून दक्षिणेत आल्या. म्हणजे येथे पेनेलोपी घरी बसून राहिली नव्हती. ती स्वतः युद्धावर गेली होती आणि स्वतः परत आली होती. आली ती एकटी. नवऱ्याचे प्रेत तिने पाहिले नव्हते. तो मेला हे तिने मानले नाही आणि तिने वैधव्य पत्करले नाही.

येथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट करतो. बेपत्ता माणसाचे काय करावयाचे याचा विचार आपल्या धर्मशास्त्राने बारकाईने केलेला आहे. परदेशी गेलेल्याची काहीच वार्ता नसेल तर साधारणतः बारा वर्षे वाट पाहावी, आणि मग पळसाच्या पानांच्या देठांची प्रतिमा करून तिचे दहन करावे, असा विधी सांगितला आहे. आणि तो माणूस त्यानंतर परत आला तर? त्याचाही विधी आहे! तो नव्याने जन्मला असे मानून त्याचे जातकर्मापासूनचे संस्कार पुन्हा करावे आणि त्याने आपल्याच पत्नीशी पुन्हा विवाह करावा. मला यातील शहाणपण फार थोर वाटते. मेला म्हणून ठरलेला माणूस नुसता दारातून आत येऊ शकत नाही, त्याला पुन्हा जन्म घ्यावा लागतो, हे आपल्या पूर्वजांनी जाणले होते. आमच्या घरी फार दिवसांनी कोणी परत आले म्हणजे आजी त्याला उंबऱ्याबाहेर थांबवून पायांवर पाणी घाली आणि भाकरतुकडा ओवाळून टाकी. लहानपणी त्या खोळंब्याचा मला राग येई. आजचा कायदा सात वर्षे कोणाला वार्ता नसेल तर माणूस मेला असे समजतो. हिशेब निरनिराळे आहेत. परंतु कोठे तरी रेघ ओढावी लागते, हे सर्वांना मान्य आहे.

भाऊसाहेबांच्या बाबतीत ही रेघ ओढणे कठीण का झाले? बातमी तर लवकरच कळली होती. नानासाहेब पेशवे मदतीसाठी उत्तरेस निघाले होते. जानेवारी महिन्यातच भेलशाच्या मुक्कामी एका सावकारी पत्रातून त्यांना सांकेतिक भाषेत कळले की, दोन मोत्ये गेली, मोहरा गेल्या, आणि चांदी-तांब्याची तर गणतीच नाही. दोन मोत्ये म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. पुत्र आणि चुलतभाऊ यांच्या शोकाने खचलेले नानासाहेब पुण्यास परतले आणि २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर वारले. ओडिसियसला मृतांच्या लोकी त्याची आई भेटते. तुझी वाट पाहून मी गेले, असे ती त्याला सांगते. त्या भेटीची आठवण येथे आल्यावाचून राहत नाही.

भाऊसाहेबांच्या मृत्यूचा पुरावाही होता, परंतु तो शत्रूच्या छावणीत होता. शुजाउद्दौल्याच्या पदरी काशीराज पंडित नावाचा दक्षिणी गृहस्थ नोकरीस होता. त्याने या लढाईची फारशीत हकीकत लिहिली आहे. लढाईनंतर एक शिरविरहित प्रेत सापडले आणि ओळख पटविण्यासाठी जाणत्या माणसांना बोलाविण्यात आले. मांडीवर रुपयाएवढा काळा डाग होता. पाठीवर कट्यारीचा जुना व्रण होता. १७५९ साली पुण्यात मुजफ्फरखान गारद्याच्या कटात भाऊसाहेबांवर वार झाला होता, त्याचा. त्या खुणांवरून प्रेत ओळखले गेले आणि त्यास अग्नी देण्यात आला. श्रोतेहो, युरिक्लियाने व्रण पाहिला आणि मेला असे समजलेला माणूस जिवंत ठरला. पानिपतावर व्रण पाहिला गेला आणि जिवंत असावा अशी आशा असलेला माणूस मेलेला ठरला. परंतु हा व्रण परक्यांनी पाहिला. पुण्यातल्या कोणीही पाहिला नाही. दाई घरीच राहिली आणि पाय परमुलखात जळला.

अशा ठिकाणी जे व्हावयाचे ते झाले. माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दीत उत्तरेत एक मनुष्य उभा राहिला आणि मीच भाऊसाहेब असे सांगू लागला. तो चेहऱ्यामोहऱ्याने भाऊसाहेबांसारखा दिसे असे म्हणत. तो पकडला गेला. तो मूळचा कनोजी ब्राह्मण. सुखलाल, सुखनिधान अशी त्याची नावे मिळतात. त्याला देहांत शिक्षा न देता किल्ल्यांवर कैदेत ठेवले. मला वाटते, पुढचा घोटाळा येथेच झाला. कारण सामान्य माणसाचे तर्कशास्त्र असे की, खोटा असता तर याला जिवंत कशाला ठेवले असते?

१७७६ साली हा तोतया रत्नागिरीस कैदेत होता. तेथील अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे याने त्याला बाहेर काढले आणि भाऊसाहेब म्हणून पुढे केले. काळ कसा होता तो ध्यानात घ्या. नारायणराव पेशव्यांचा १७७३ मध्ये शनिवारवाड्यात खून झाला होता. गादीवर सवाई माधवराव होते, म्हणजे दोन वर्षांचे मूल. राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयास गेले होते. कारभार नाना फडणीस व सखारामबापू यांच्या हाती होता. घरात कर्ता पुरुष नाही आणि बाहेर मागणीदार बसले आहेत, ही इथाकाचीच स्थिती होती. अशा वेळी पंधरा वर्षांपूर्वी गेलेला कर्ता पुरुष परत आला तर कोणाला नको होते? कोकणातले किल्ले एकामागून एक त्याच्या स्वाधीन झाले, हजारो माणसे त्याला मिळाली, आणि तो बोरघाटापर्यंत येऊन ठेपला. त्या सगळ्यांना मूर्ख म्हणणे मला जमत नाही. पानिपताने ज्यांच्या घरातली माणसे खाल्ली होती, त्यांच्या दृष्टीने भाऊसाहेब परत येऊ शकले म्हणजे आपलाही मुलगा येऊ शकेल, असा त्याचा अर्थ होता. हरियाणातील रोड समाजात, आपण पानिपतावरून न परतलेल्या मराठ्यांचे वंशज आहोत असे मानणारे लोक आज आहेत. मग त्या काळच्या आईबापांनी आशा धरली, यात नवल काय?

आता या प्रसंगातील विलक्षण योग पाहा. भाऊसाहेबांना जवळून ओळखणारी आणि पानिपताहून खरोखरच परत आलेली माणसे त्या वेळी हयात होती, आणि त्याच माणसांच्या गळ्यात हा निवाडा पडला. नाना फडणीस कारभारी होते. गवतातून लपत आलेला तो मुलगा आता चौतिशीचा मुत्सद्दी होता. परंतु त्यांची साक्ष लोकांना पटावी कशी? भाऊसाहेब खरे ठरले तर नानांचा कारभार गेला. त्यामुळे नानांनी त्याला खोटा म्हटले की, ते म्हणणारच, असे लोक म्हणत. जाणत्या माणसाचाच स्वार्थ त्यात गुंतलेला असला म्हणजे त्याच्या जाणतेपणाची किंमत शून्य होते. महादजी शिंदे फौज घेऊन तोतयावर चालून गेले, आणि त्यांच्याबरोबर भिवराव पानसे होते. अधू पायाचा खरा परतलेला माणूस धडधाकट खोट्या परतलेल्यावर चालून गेला, असे हे दृश्य आहे. तोतयाचा मोड झाला, तो नावेतून मुंबईकडे पळाला, परंतु रघोजी आंग्र्यांनी त्याला पकडून पुण्याच्या स्वाधीन केले. १७७६ च्या डिसेंबरात त्याला पुण्यात देहांत शिक्षा झाली. त्याला साथ देणाऱ्यांच्या चौकश्या त्यानंतरही चालूच राहिल्या.

आणि पार्वतीबाई? त्याही हयात होत्या. दोनच वर्षांपूर्वी, गरोदर गंगाबाईंना सुरक्षिततेसाठी पुरंदरावर नेले तेव्हा त्यांच्या सोबतीस पार्वतीबाई होत्या. म्हणजे पेशव्यांच्या वंशाची राखण करणाऱ्यांत त्यांची गणना होती. तोतया ज्यांचा पती म्हणवीत होता त्या याच बाई. नरसिंह चिंतामण केळकर यांनी 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले, ते या प्रसंगाची नाट्यमयता त्यांना जाणवली म्हणूनच. इथाकाच्या कथेत शेवटचा शब्द पत्नीचा असतो. राजवाड्यातील सगळी माणसे पटली तरी ती पटत नाही, आणि ती पटते ती दोघांनाच ठाऊक असलेल्या एका पलंगाच्या गोष्टीने. अशी एखादी गोष्ट शनिवारवाड्यातही असेलच. प्रत्येक घरात असते. परंतु ती चारचौघांत विचारावयाची कशी, आणि पेशव्यांच्या घरच्या बाईने ती पंचांपुढे सांगावयाची कशी? राज्याच्या चौकशीत सोयीचा तो उघडा पुरावा: जबान्या, कबुली, मूळ गाव, आईबापांची नावे. पेनेलोपीने जी परीक्षा एका वाक्यात घेतली, तिला त्या दप्तरात रकानाच नव्हता. कारभाऱ्यांनी चूक केली असे मी म्हणत नाही. तोतया खोटाच होता. परंतु तो खोटा ठरल्याने पार्वतीबाईंचे वाट पाहणे संपले, असे मात्र मला वाटत नाही. एक माणूस भाऊसाहेब नव्हता, एवढेच त्या निकालाने सिद्ध झाले होते.

'विश्वास पानिपतात गेला' ही म्हण आपण अजून वापरतो. नानासाहेबांच्या मुलाचे नावच विश्वास होते, म्हणून ती श्लेषाने साधली, असे आपण समजतो आणि पुढे जातो. १७७६ च्या पावसाळ्यात कोकणात जे घडले ते पाहिले म्हणजे ती म्हण श्लेषाच्याही पुढे जाते. घरी आलेल्या माणसाकडे डोळे भरून पाहावे आणि तरीही हा तोच का, हे सांगता येऊ नये, अशी त्या पिढीची स्थिती झाली होती.

मनमाडहून परभणीस येणारी गाडी जालना सोडल्यावर थोड्या वेळाने परतूरला थांबते. थांबा अगदी थोडा. मागच्या महिन्यात मी त्याच गाडीने येत होतो. डब्यात पाय ठेवावयास जागा नव्हती, आणि फलाटावरून आणखी दहाबारा माणसे आत शिरण्याची खटपट करीत होती. दाराशी डोक्यावर गाठोडे घेऊन उभी असलेली एक म्हातारी बाई वैतागून शेजारणीला म्हणाली, "काय गं बाई ही भाऊगर्दी!" आणि गाडी सुटली.